परत फिरायची वेळ घरीच ठरव

देवपूर, धुळे
५ जून

चि. छोटी,



जळगावच्या मंडळींनी रविवारच्या भटकंतीचं काम तुझ्याकडे सोपवलं, हे दादाकडून कळलं. मला फार आनंद झाला. परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, वाटा मला माहीत आहेत, माणसं ओळखीची आहेत, मग आणखी काय लागतं?" ते फोनवर सांगून भागणारं नव्हतं. म्हणून बसून लिहिते आहे.

वीस-पंचवीस माणसं घेऊन रानात जाणाऱ्याला एक गोष्ट सगळ्यात आधी जमली पाहिजे. "चला, इथून मागे फिरू," हे त्याला म्हणता आलं पाहिजे. एकट्या माणसाला ते अवघड जात नाही. आभाळ भरून आलं की त्याच्या पोटात गोळा येतो आणि त्याचे पाय आपोआप वळतात. घोळक्यात तसं होत नाही. पुढचा चालतोय म्हणून मागचा चालतो, मागचे येताहेत म्हणून पुढचा थांबत नाही. प्रत्येकाला वाटतं, काही धोका असता तर कुणीतरी बोललं असतं. शिवाय कुणी भाड्याची गाडी केलेली असते, कुणी महिन्यातून एकदा मिळणारी सुट्टी त्यात घातलेली असते. अशा वेळी "फिरू या" म्हणणारा सगळ्यांचा हिरमोड करतो, आणि तो वाईटपणा कुणालाच नको असतो. तो तू घ्यायचा. पण तिथे उभं राहून घ्यायला जाशील तर चर्चा होईल, मतं पडतील, आणि चर्चा संपेपर्यंत पाणी चढलेलं असेल. म्हणून परत फिरायची वेळ आणि खूण आदल्या रात्री घरीच ठरव. सकाळी गाडीतून उतरल्यावर, पहिलं पाऊल टाकण्याआधी, ती सगळ्यांना मोठ्याने सांग. मग रानात तुला काही ठरवायचं उरत नाही, फक्त ठरलेलं पाळायचं असतं.

ही खूण बारा महिने एकच नसते. आपण तापीच्या खोऱ्यातली माणसं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, मधे सपाट काळं शिवार. सह्याद्री ओलांडून ढग आपल्यापर्यंत येतो तेव्हा बराच रिता झालेला असतो. म्हणून आपल्याकडे कोकणासारखी दिवसरात्र धार लागत नाही, पाऊस टप्प्याटप्प्याने आणि एकदम येतो. उन्हाळा मात्र पदरात भरभरून पडतो, आणि पौषात धुळ्याचा पारा एक आकडी होतो. एकच वाट वैशाखात, श्रावणात आणि पौषात तीन वेगळ्या तऱ्हेने वागते. पुण्या-नाशिककडची गडकिल्ल्यांची पुस्तकं जरूर वाच, पण त्यातल्या वेळा आपल्याकडे जशाच्या तशा उचलू नकोस.

उन्हाळ्यापासून सुरुवात करते, कारण "उन्हाळ्यात बंद ठेवू या" असं तुला पुष्कळ जण सांगतील. बंद ठेवू नकोस. पळस मार्चमध्ये फुलतो, त्याच्या मागोमाग मोह गळायला लागतो. यावलच्या जंगलाकडे पहाटे गेलीस तर झाडाखालची जमीन झाडून घेतलेली दिसेल, आणि तडवी-पावरा कुटुंबं टोपल्या घेऊन फुलं वेचताना भेटतील. ऊन चढलं की ते काम संपतं. हे पाहायला उन्हाळ्यातच जावं लागतं. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि मैदानी भागात ४५ अंश म्हणजे हवामान खात्याच्या लेखी उष्णतेची लाट. त्या दिवसांत परतीची खूण म्हणजे घड्याळ. साडेपाचला चालायला लागायचं, सव्वासातला जिथे असाल तिथून फिरायचं, नऊला सगळे गाडीजवळ. किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत असला तरी सव्वासात म्हणजे सव्वासात. आपल्याकडचे डोंगर काळ्या दगडाचे आणि बहुतेक उघडे. लळिंगची चढण आठव, सावलीला झाड नाही. दगड एकदा तापला की वरून ऊन आणि खालून झळ, आणि उतरताना माणूस दमलेला असतो तेव्हाच ती सगळ्यात जास्त असते.

माणशी दोन लिटर पाणी, त्याशिवाय गाडीत भरलेला कॅन. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. हे घरून करून ने. चव डोळ्यातल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ अंदाजाने ओतणारे उत्साही लोक प्रत्येक घोळक्यात असतात, ते काम त्यांच्यावर सोपवू नकोस.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. दमलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांत फरक असतो. दमलेला कुरकुर करतो, बसतो, पाणी मागतो, त्याला सावली आणि पाणी पुरतं. उष्माघात होऊ लागलेला माणूस भलतंच बोलायला लागतो, झोकांड्या खातो, साध्या प्रश्नाला विचित्र उत्तर देतो, आणि अनेकदा मला काही झालं नाही म्हणून हट्टाने चालत राहतो. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजू नकोस. त्याला सावलीत आडवं कर, कपडे सैल कर, जवळ असेल नसेल ते पाणी अंगावर, मानेवर, काखेत ओत आणि चार जणांनी टोप्यांनी वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. १०८ ला फोन कुणी करायचा आणि ठिकाण काय सांगायचं, हेही आधी ठरलेलं असू दे. "डोंगराजवळ" एवढ्यावर रुग्णवाहिका येत नाही. गाव, फाटा, मंदिर, धरण, काहीतरी नाव सांगता आलं पाहिजे.

आता पावसाळा. पहिला पाऊस झाला की साऱ्या खानदेशाला मनुदेवी आणि पाटणादेवी आठवते, आणि आठवावी अशीच ती ठिकाणं आहेत. पण तिथे पोचण्याआधी काळ्या मातीबद्दल सांगते, कारण नवखे तिथेच फसतात.

आपली कपाशीची जमीन पाणी पिते आणि फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या हातभर भेगा मिटतात आणि वरचा थर लोण्यासारखा होतो. त्यात पाय टाकलास की माती बुटाच्या तळाला चिकटते, दुसऱ्या पावलाला त्या मातीला आणखी माती चिकटते, दहाव्या पावलाला प्रत्येक बुटाखाली एक जड चकती तयार झालेली असते आणि घोट्यातून पाय वाकेनासा होतो. माणसं थांबून काटकीने ती खरवडतात, चार पावलं जातात, पुन्हा थांबतात. खरवडलेल्या मातीत कपाशीच्या जुन्या काड्यांचे तुकडे आणि कुसळं अडकलेली असतात. तासाला चार किलोमीटर चालणारी मंडळी अशा रानात दोनवर येतात, आणि तेही चिडचिड करत. म्हणून पावसाळ्यात वाट निवडताना आधी माती बघ. मुरमाड बरड, टेकडीची धार, गाडीरस्ता, बैलगाडीची जुनी चाकोरी चालेल. पेरणी झालेलं वावर नको, आपल्यासाठीही नको आणि शेतकऱ्यासाठीही नको.

वेगाचा विषय निघाला म्हणून सांगते. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब मांडला: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला एक. जगभर अजून तो वापरतात. पण तो थंड हवेतल्या, सरावलेल्या, एकट्या-दुकट्या माणसाचा हिशेब आहे. तुझ्या घोळक्यात साठीचे काका असतील, दहा वर्षांची मुलगी असेल, पहिल्यांदाच बूट घालून आलेली कुणी असेल. तू सपाटीला तासाला तीन किलोमीटर धर, चिखल असेल तर दोन, आणि दर तासाला दहा मिनिटं थांबण्यात जातील असं समज. कागदावर वेळ मांडताना हात आखडला नाहीस, तर रानात घाई करावी लागत नाही.

नाल्यांचं पाणी हा सगळ्यात गंभीर विषय. मनुदेवीला सातपुड्याच्या पायथ्याशी, धबधब्यासमोर उभं राहिल्यावर आपल्याला दिसतं ते तेवढंच पाणी. त्याच्या मागे, वर डोंगरात काय चाललंय ते दिसत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असू शकतं आणि वर तासाभरापूर्वी मुसळधार पाऊस कोसळून गेलेला असू शकतो. ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट चाळीसगावकर विसरलेले नाहीत. कन्नड घाटात रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या, आणि तितूर नि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात आणि काठच्या खेड्यांत शिरलं. गोठ्यातली जनावरं वाहून गेली. ते पाणी डोंगरातून आलं होतं, रात्रीतून आलं होतं. ज्या नाल्याकाठी बसून आपण डबे उघडतो, त्याचं पाणीही त्याच डोंगरातून येतं.

म्हणून पावसाळ्यात परतीची खूण पाण्यावर ठेव. जाताना नाला ओलांडलास की काठाला, पाणी जिथे टेकलंय नेमकं तिथे, एक फिकट दगड ठेव आणि एका माणसाला त्याच्यावर नजर ठेवायला बसव. त्या माणसाला फोटो काढायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत, अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. दगड बुडला की उठायचं. पाणी नितळ होतं आणि तांबूस झालं, की उठायचं. पाण्यावर काड्या, पाचोळा, फेस यायला लागला की उठायचं. प्रवाहाचा आवाज भरदार झाला, तरी उठायचं. यांतलं कुठलंही एक पुरे, सगळी मिळण्याची वाट बघायची नाही. डबा अर्धा राहिला तर राहिला. आणि उशीर झालाच, अलीकडे यायची वाट बुडाली, तर ओलांडायचा प्रयत्न करायचा नाही. गुडघ्याएवढं वाहतं पाणी धडधाकट माणसाला खाली ओढतं, आणि हातात हात धरून साखळी केली की एकाबरोबर पाच जातात. पलीकडेच उंचावर बसून राहा. डोंगरातला लोंढा जसा चटकन चढतो तसा काही तासांत ओसरतोही. घरी उशिरा पोचलेल्या माणसाला घरचे रागावतात, त्यापलीकडे काही होत नाही.

विजांचं वेगळं आहे. मृगाच्या आधीचे आणि परतीचे पाऊस आपल्याकडे गडगडाट घेऊन येतात, वारं असं सुटतं की रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. आता दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं. तुझ्या जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं, फोनवर घेऊन ठेव. रेंज नसेल तेव्हा डोळे-कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस आकडे मोजायच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. गडाचा माथा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, छत्री मिटायची, काठी खाली ठेवायची, एकमेकांपासून अंतर ठेवायचं. भामेर, लळिंग, सोनगीर हे किल्ले उघडे आहेत, तिथे आकाश काळं दिसताच उतरायला लागायचं, पहिल्या गडगडाटासाठी थांबायचं नाही. शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा चढायचं नाही. आणि तो अर्धा तास मोजत बसण्यापेक्षा घरी जाणं बरं.

हवामान खातं जिल्हावार इशारे रंगांनी देतं. शनिवारी रात्री ते बघ. जळगावला किंवा तू जाणार त्या जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल असेल तर रविवारची भटकंती रद्द. तसा निरोप रात्री नऊच्या आत टाक, म्हणजे कुणी पहाटे उठून भाकऱ्या करत बसणार नाही. पिवळा असेल तर जवळची, सपाट, कुठूनही बाहेर पडता येईल अशी वाट घ्यायची.

हिवाळ्याबद्दल थोडकंच. तो ऋतू भटकंतीसाठीच आहे. हतनूरच्या जलाशयावर चक्रवाक आणि तलवार बदकं उतरलेली असतात. तिथली सपाट काठाकाठाची वाट गुडघेदुखीवाल्या मंडळींनाही झेपते. पहाटे कानटोपी लागते आणि दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो, म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ घ्यायला सांग. हिवाळ्यातला धोका एकच, भरीत. हसू नकोस, मी मनापासून सांगते आहे. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर बामणोदची हिरवी वांगी भाजायची, सोलायची, लसूण-मिरची घालून कुटायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, यात दुपारचे तीन कधी वाजतात ते कळत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहा-सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो, आणि सातपुड्याच्या दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून जेवण वाटेच्या मध्यावर कधी ठेवायचं नाही. आधी चालणं पुरं करायचं, गाडीपाशी यायचं, मग काड्या पेटवायच्या. पोटभर जेवलेल्या वीस माणसांना पुन्हा डोंगराकडे चालवणं हे कुणाच्याही हातचं काम नाही.

आता माणसांविषयी. पुढे कोण चालतं याला महत्त्व नाही, वाट माहीत असलेला कुणीही चालेल. मागे कोण चालतं याला आहे. तुझ्यातला सगळ्यात दमदार आणि सगळ्यात शांत माणूस शेवटी ठेव. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, त्याने कुणाला घाई करायची नाही. आणि पुढचे थांब्यावर पोचून दहा मिनिटं बसलेले असतील, मागचे धापा टाकत येतील, तेव्हा पुढच्यांना लगेच उठू देऊ नकोस. नाहीतर ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. मागचा बसला, पाणी प्याला, बोलायला लागला, की मग निघायचं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून ज्येष्ठाच्या उन्हात निघते आणि महिनाभराहून अधिक चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. म्हणजे ऊन, वळवाचा वारा, मृगाचा पाऊस, काळा चिखल, सगळं एकाच चालण्यात. त्यात नऊवारीतल्या म्हाताऱ्या असतात आणि त्या पोचतात. कारण दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो, उठायची वेळ ठरलेली असते, आणि आपली दिंडी सोडून कुणी एकटं पुढे पळत नाही. एकदा पालखी तुमच्या भागातून जाताना एक दिवस तरी तिच्याबरोबर चाल. शिस्त कशी कुणाला न दुखवता राखतात, हे तिथे बघायला मिळेल.

शेतातून जाताना शेतकरी दिसला तर आधी राम राम, मग विचारणं, मग पाऊल. "दादा, इकडून वाट शे का?" एवढं अहिराणीत विचारलंस तरी माणूस बांधापर्यंत सोडायला येतो. केळीच्या बागेतून जावं लागलं तर ठिबकच्या नळ्यांवर कुणाचा पाय पडू देऊ नकोस. काळी बारीक नळी पाचोळ्याखाली दिसत नाही. टाचेखाली ती दबली किंवा जोडातून निसटली की त्या ओळीतल्या झाडांचं पाणी तुटतं, आणि ते शेतकऱ्याच्या लक्षात येतं तेव्हा पानं माना टाकायला लागलेली असतात. ओळीच्या कडेने, एकामागे एक चालायचं. खळ्यावर, कपाशीच्या ढिगाशेजारी विडी-काडी नाही. बोरं, पेरू, हरभऱ्याचे घाटे विचारल्याशिवाय तोडायचे नाहीत. विचारलंस तर ओंजळ भरून मिळतील.

अभयारण्यात वन खात्याची परवानगी लागते. यावल असो, अनेर धरण असो, गौताळा असो, आधी नाक्यावर विचारून घे. आणि कड्याला आग्या मोहोळं लटकलेली दिसली तर खाली धूर नाही, आरडाओरड नाही, दगड नाही, उग्र अत्तर फवारलेलं माणूस पुढे नाही. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. चावलेला अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालणारं एकच प्रतिविष असतं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, त्यात वेळ जातो आणि आणखी एक चावा बसू शकतो.

तुला वाटेल, आत्याने सगळं भीतीचंच लिहिलं. तसं नाही, बाळ. माणसं रानात का जातात हे मला चांगलं ठाऊक आहे. आपल्या धुळ्यातच इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. महाराष्ट्रभर गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून त्यांनी कागद गोळा केले. गाव पायी गाठणाऱ्या माणसाशी लोक बोलतात, गाडीतून काच खाली करून विचारणाऱ्याशी तसं बोलत नाहीत. तुझ्या मंडळींनाही ते अनुभवू दे. पाटण्याला गेलात की भास्कराचार्यांच्या नातवाची, चांगदेवाची गोष्ट सांग. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि त्याचा शके ११२८ चा शिलालेख मिळालेला आहे. थाळनेरला तापीच्या काठावर फारुकींची मूळ राजधानी होती, ते दाखव. पण थांब्यावर सांग, चालताना नको. चालताना माणसाला त्याच्या पायाखालचं आणि शेजारच्याचं ऐकू दे. आणि एका वेळी एकच गोष्ट सांग.

पहिल्या रविवारी मनुदेवीचा आग्रह होईल. मान्य करू नकोस, धबधबा अजून नीट सुरूही झालेला नसेल. एरंडोलहून पद्मालयाला जा. सुमारे दहा किलोमीटर, वाट सोपी, मध्ये रान आहे, शेवटी तळं आणि गणपती आहे. मुख्य म्हणजे रस्ता जवळ असल्यामुळे गाडी मागून येऊ शकते आणि कुणालाही कुठेही बसवता येतं. नव्या घोळक्यात कोण कसं चालतं, कोण कुरकुरतं, कोण दुसऱ्याची पिशवी न सांगता उचलतं, हे तुला त्या दहा किलोमीटरांत कळेल. शेवटी चालणारा माणूस त्यातूनच निवड. आणि पहिल्याच दिवशी, काही कारण असो नसो, ठरलेल्या वेळेला सगळ्यांना थांबव. पुढचे सहा महिने तुझा शब्द ते मानतील की नाही, हे तेव्हाच ठरतं.

येणाऱ्यांची यादी मंगळवारपर्यंत कर. प्रत्येकाच्या नावापुढे घरच्याचा फोन, आणि दमा, साखर, रक्तदाब, गुडघा असं काही असेल तर ते. कुणी चारचौघांत सांगणार नाही, म्हणून एकेकाला वेगळा फोन कर. गोळ्या कोणत्या खिशात आहेत तेही विचारून ठेव.

वहिनींना नमस्कार सांग, दादाला म्हणावं चष्म्याचा नंबर तपासून घे. आणि एक काम माझ्यासाठी कर. शनिवारी रात्री वाट, माणसांचा आकडा आणि परतीची वेळ कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठव. त्या वेळेनंतर तासाभरात तुझा फोन आला नाही, तर मी कुणाला न विचारता तुमच्या गाडीवाल्याला फोन लावीन, आणि त्याने उचलला नाही तर एरंडोलच्या पोलीस ठाण्याला.

तुझी,
आत्या